मूळ स्रोताचा रकाना

ग्रंथालयातल्या लोकांना संगणकावर काम करायला शिकवणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ! असं मी संचालकांना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो. नोकरीत कायम होण्याचा माझा कागद त्यांच्या टेबलावर सहीवाचून पडला होता, आणि सहीची वाट पाहणारा माणूस काय वाटेल ते बोलतो.

"सर, आठवड्याभरात डिजिटल रिपॉझिटरी उभी करतो. आणि उद्घाटनाला पडद्यावर पहिला प्रबंध तुमचाच!"

साहेब खुलले. गेल्या वीस वर्षांत तो प्रबंध बाइंडरशिवाय कुणी उघडला नव्हता.

माझे विद्यार्थी दोन. एक आमचे शिपाई, मामा. दुसऱ्या काकू. तीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात कार्डांवर लिहिल्या होत्या.

"रिपॉझिटरी म्हणजे काय हो?" मामांनी विचारलं.

मी अर्धा तास घसा कोरडा केला. सगळे प्रबंध संगणकात कसे जातील, जगात कुठूनही कसे वाचता येतील, वगैरे वगैरे.

"म्हणजे गोदाम," मामा म्हणाले आणि भिंतीला टेकून झोपी गेले. माझं निम्मं प्रशिक्षण तिथेच पार पडलं.

काकू मात्र प्रश्न विचारत. आता शिकवणाऱ्याला प्रश्न विचारणं हे शिकणाऱ्याला शोभतं का? पण सांगणार कोण! प्रत्येक प्रबंधासाठी पडद्यावर पंधरा रकाने भरायचे होते. शीर्षक, लेखक, विषय असं करत काकूंचं बोट अकराव्या रकान्यावर थांबलं.

"सर, हे 'मूळ स्रोत' म्हणजे?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. पण अज्ञान कबूल करायला मी काय कायम झालो होतो?

"म्हणजे मजकूर कुठून आला, ते!"

"ते लिहायलाच हवं?"

"काकू, एकही रकाना रिकामा दिसता कामा नये! ठाऊक आहे ते सगळं लिहा. कुणाची भीडभाड ठेवू नका!"

काकूंनी चष्मा पुसला. "लिहिते. पण तुम्ही एकदा नजर घाला हं."

नजर घालायला मला वेळ कुठे होता? मी आभाराचं भाषण पाठ करत होतो.

उद्घाटनाला सभागृह खचाखच भरलं. पुढच्या रांगेत तपासणी समिती, मधोमध साहेब, अंगात नवा कोट. मी ऐटीत बटण दाबलं. प्रबंधाची नोंद भिंतीएवढी होऊन झळकली आणि समितीच्या अध्यक्ष बाईंनी कौतुकाने मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली.

"लेखक, आपले संचालक. वा! मूळ स्रोत, कपाट सात, फळी तीन, हिरव्या बांधणीचं पुस्तक, पान बारा ते दोनशे चार." बाई थबकल्या. "उरलेला मजकूर, कपाट नऊ."

साहेब ताडकन उभे राहिले.

"हे कुणी लिहिलं?" साहेब गरजले.

काकू बक्षीस घ्यायला उठावं तशा उठल्या. "मी, सर. दोन्ही पुस्तकं चार वर्षं तुमच्याकडेच होती की! परत आली तेव्हा आत पेन्सिलीने 'इथून' आणि 'इथपर्यंत' लिहिलेलं. खोडता खोडता माझी तीन खोडरबरं संपली."

"काढा ते! आत्ताच्या आत्ता!" हे मला होतं.

मी तो मजकूर पुसायला गेलो, तर संगणक म्हणे, कारण सांगा! सुचलं ते लिहिलं आणि सुटलो. मजकूर गेला, पण त्याच्या जागी भलीमोठी लाल ओळ उमटली: 'संचालकांच्या आदेशावरून मूळ स्रोत लपवला आहे.'

पडदा बंद करायचं मला भानच नव्हतं. अध्यक्ष बाईंनी ती ओळ शांतपणे वहीत उतरवून घेतली. तेवढ्यात मामा जागे झाले आणि कार्यक्रम संपला असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब लांबच्या रजेवर गेले. जाण्यापूर्वी माझ्यासाठी त्यांनी सही केली बरं का! फक्त वेगळ्या कागदावर. माझं प्रोबेशन आणखी दोन वर्षं वाढलं होतं, कारण 'उमेदवारास प्रशिक्षणाची गरज आहे'. समितीने रिपॉझिटरी काकूंच्या हवाली केली. आता त्या शिकवतात आणि मी वहीत टिपून घेतो. मला कायम करायचं की नाही, हेही त्यांच्याच शेऱ्यावर ठरणार आहे.

काल काकू प्रबंधांचा गठ्ठा घेऊन आल्या. "सर, आता बाकीच्यांचे चढवायला घेऊ. कुणापासून सुरुवात करू?"

गठ्ठ्यात माझाही प्रबंध होता. त्याचाही मूळ स्रोत कुठल्या कपाटात आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं!

"अक्षरक्रमाने!" मी घाईघाईने म्हणालो. "म्हणजे कुणावर अन्याय नको!"

"बरं झालं," काकूंनी चष्मा चढवला, "मग पहिले तुम्हीच!"

वाचकहो, आडनाव बदलून घ्यायला साधारण किती दिवस लागतात?