सोडियमची ओटी

"अठ्ठावीस खण? शाळेत?" प्रभाने ट्रंकेचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. "विज्ञान शिकवता की हळदीकुंकू करता?"

"अकरा सोडियमला, सतरा क्लोरीनला," मुकुंदराव म्हणाले. "अगं, खण म्हणजे इलेक्ट्रॉन! संध्याकाळी सगळे परत आणतो."

मुकुंदराव सोलापुरातल्या मुलींच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत. नोकरी अजून कच्ची होती. १९७४ चा नवा अभ्यासक्रम आला होता, त्यात आयन नावाचं प्रकरण होतं, आणि नेमक्या त्याच पाठाला तपासनीस कलशेट्टीसाहेब येऊन बसणार होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर मुकुंदराव कायम होणार, नाहीतर जूनमध्ये घरी बसणार. साहेबांना नुसती खडूची बडबड खपत नाही, सगळं करून दाखवावं लागतं, अशी त्यांची ख्याती होती. म्हणून मुकुंदरावांनी रात्रंदिवस डोकं खाजवून हा खणांचा शोध लावला होता. तसेही ट्रंकेतले खण कुणी शिवत नसे. ते या घरच्या ओटीतून यायचे आणि त्या घरच्या ओटीत जायचे.

सोडियम व्हायला शिवणाच्या दाक्षायणीबाई तयार झाल्या. क्लोरीन म्हणून शाळेच्या शिपाई सोजरबाई उभ्या राहिल्या. मुलींच्या गणवेशाला खोचायला जागा नव्हती, त्यामुळे नऊवारीशिवाय इलाज नव्हता. दाक्षायणीबाईंनी दोन खण कमरेला खोचले, आठ डाव्या खांद्यावर टाकले आणि एक उजव्या हातात धरला. सोजरबाईंच्या कमरेला दोन, खांद्यावर आठ आणि हातावर सात.

"मुलींनो, बायकांच्या हातातल्या बांगड्या म्हणजे प्रोटॉन," मुकुंदरावांनी सुरुवात केली. एकीला अकरा आणि दुसरीला सतरा बांगड्या त्यांनी आधीच मोजून घालायला लावल्या होत्या. "सवाष्ण बाई बांगड्या कुणाला काढून देत नाही. म्हणून अणूचं नाव बदलत नाही. देवघेव होते ती खणांची! सोडियमला बाहेरचा एक खण जड झालाय, क्लोरीनला आठ पुरे व्हायला एकच कमी आहे. बाई, द्या!"

साहेबांनी चष्मा सावरला. त्यांना हे आवडलेलं दिसत होतं. मुकुंदरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दाक्षायणीबाईंनी खण पुढे केला. सोजरबाईंनी हात मागे घेतला.

"असा कोरडा? हळद न्हाई, कुकू न्हाई?"

"सोजरबाई, तुम्ही क्लोरीन आहात!"

"असंल की. पर माजा नवरा जिता हाय न्हवं?"

दाक्षायणीबाईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली. कुंकू लावलं, सोजरबाईंनी पदर पसरला, खण घेतला. मुकुंदराव आनंदाने फळ्याकडे वळले. "सोडियमचा एक इलेक्ट्रॉन गेला, तो झाला धन आयन. क्लोरीनला एक मिळाला, तो ऋण आयन!"

"सर," साहेब म्हणाले, "आयन कुठायत?"

मुकुंदरावांनी मागे पाहिलं. सोजरबाई दाक्षायणीबाईंना कुंकू लावत होत्या, आणि खांद्यावरचा एक खण केव्हाच दाक्षायणीबाईंच्या पदरात पडला होता. पुन्हा अकरा आणि सतरा!

"परत का दिलात?"

"मग? सवाशिणीला रिकामं धाडू व्हय?"

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. दाक्षायणीबाईंनी एक दिला. सोजरबाईंनी क्षणभर विचार केला आणि या वेळी दोन दिले.

"दोन कशाला?" मुकुंदराव ओरडले.

"लेकीवानी हाय ती मला. आन् दोनदा दिलं तिनं."

"सर, सोडियमकडे बारा झाले! मॅग्नेशियम झालं का?" एका मुलीने विचारलं.

"नाही! बांगड्या अकराच आहेत!" मुकुंदरावांना घाम फुटला. "हा ऋण सोडियम आहे. म्हणजे असा नसतो. म्हणजे झालाय खरा, पण तुम्ही लिहून घेऊ नका!"

वर्ग हसून हसून बाकांवर आडवा झाला. मुकुंदरावांनी जादा दोन खण स्वतःच ओढून सोजरबाईंच्या खांद्यावर टाकले आणि हात जोडले. "सोजरबाई, पाया पडतो. आता काहीही परत देऊ नका."

अठरा खण घेऊन सोजरबाई उभ्या राहिल्या. चेहरा पार कसनुसा झाला होता. "मास्तर, घिऊन बसल्यावर जीव कसातरीच हुतोय हो."

"तोच! तोच विद्युत प्रभार!" मुकुंदराव हर्षाने ओरडले. "आता एकीकडे एक जास्त, दुसरीकडे एक कमी, म्हणून दोघी एकमेकींना धरून राहणार. हेच आपलं मीठ!"

साहेबांनी शेवटच्या बाकावरच्या शकुंतलेला उभं केलं. "हा सोडियम आयन पुन्हा साधा अणू केव्हा होईल?"

एक इलेक्ट्रॉन मिळाला की, एवढंच उत्तर हवं होतं. मुकुंदराव ओठांनी ते तिला सांगतही होते.

"संक्रांतीला, सर," शकुंतला म्हणाली.

साहेब हसले नाहीत. त्यांनी मांडीवरच्या कागदावर लिहिलं, आणि मुकुंदरावांना ते उलटं असूनही वाचता आलं: 'पाठाचा उद्देश साध्य झाला नाही. कायम करू नये.' प्रभाला काय सांगायचं, हेच त्यांना सुचेना.

साहेब निघाले. दारात सोजरबाई आडव्या आल्या आणि नवऱ्याच्या मागावरचा कोरा टॉवेल त्यांनी साहेबांच्या खांद्यावर टाकला.

"बेड, बेड!" घाबरून साहेबांच्या तोंडून घरची कानडी बाहेर पडली. "नको! नियमात बसत नाही!"

"नेम तुमचा, रीत आमची. हितनं कुणी कोरडं जात न्हाई."

साहेबांनी टॉवेल काढला. सोजरबाईंनी परत घातला. असं तीनदा झाल्यावर साहेब तसेच उभे राहिले. काही झालं तरी ते दुधनी गावचे, चारचौघांच्या घरात वाढलेले. त्यांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा. बॅग उघडून पाहिली. आत कागदांशिवाय काही नव्हतं. चेहरा हळूहळू थेट सोजरबाईंच्या मघाच्या चेहऱ्यासारखा झाला.

"बाई, मी असा कसा जाऊ? द्यायला माझ्याकडे काहीच नाही."

"पेन हाय की," सोजरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मुकुंदरावांकडे बोट दाखवलं.

साहेबांनी टॉवेलकडे पाहिलं, मग मुकुंदरावांकडे. "प्रभार म्हणजे काय ते मला तरी कळलं," ते पुटपुटले. भिंतीला कागद लावून त्यांनी आधीच्या दोन ओळी खोडल्या आणि लिहिलं, 'उद्देश साध्य झाला. कायम करावे.' खाली सही ठोकून एक मोठा सुस्कारा सोडला.

"फिटलं? झालो मी पुन्हा साधा अणू?"

"थांबा, नारळ ऱ्हायलाय," म्हणत सोजरबाई आत धावल्या.

त्या बाहेर येईपर्यंत साहेबांचा टांगा चौक ओलांडून गेला होता.