त्रिपुरासुर, तीन बाण आणि जानकीचा आवाज

"ह्या वर्षी बाबाजीची आगकाडी नको! त्रिपुरासुर माझ्या बाणानेच मरणार!"

देवस्थान समितीच्या बैठकीत मधुकर हे बोलून गेला आणि चहाचे कप हवेतच थांबले.

डिचोलीजवळच्या त्या गावात दर त्रिपुरारी पौर्णिमेला शंकर होडीतून येतो आणि काठावरच्या कागदी त्रिपुरासुराला पेटता बाण मारतो. बाण न चुकता नदीत पडतो. मग पुतळ्यामागे दडलेला बाबाजी आगकाडी ओढतो, असुर धडाडतो आणि गाव समाधानाने जेवायला जातं. आजवर कुणाची तक्रार नव्हती. असुराचीही नव्हती.

पण यंदा शंकराच्या जटा मधुकरच्या डोक्यावर यायच्या होत्या, आणि त्या येण्याआधीच चढल्या होत्या!

"बघ हां मधू," बाबाजी म्हणाला, "नेम चुकलो तर असुर वर्षभर जिवंत रवतलो. गावात कोणाची म्हस आटली तरी लोक तुझ्याच दारात येतले."

"येऊ देत!"

सराव मये तलावावर, पायडलच्या होडीत. पायडल मारायला बायको जानकी, कारण शंकराने पाय मारणं शोभत नाही. काठावरच्या आंब्याला एक बाल्दी टांगली होती. पहिला बाण कमळात गेला. दुसरा एका पर्यटक कुटुंबाच्या भज्यांत. तिसरा होडीवाल्या योगेशच्या छत्रीत.

"काका, बाल्दी थंय!" योगेश आंब्याकडे, मग स्वतःकडे बोट दाखवत ओरडला. "हांव हांगा!"

नेम धरावा तेव्हा होडी वर, बाण सोडावा तेव्हा होडी खाली! मधुकरने वाऱ्याला दोष दिला, धनुष्याला दिला, शेवटी तलावालाही दिला. जानकीच्या पोटऱ्या भरून आल्या.

"अहो, सोडा एकदाचा! आता!"

बाण सुटला. ठण्ण! बाल्दी गरगरली.

"योगायोग," मधुकर म्हणाला. पण पुन्हा तेच. तिने 'आता' म्हटलं की बाल्दी, स्वतःच्या अकलेने सोडला की योगेश. तसं नवल नव्हतं. लग्न झाल्यापासून जानकीने 'आता' म्हटल्याशिवाय मधुकरने पाण्याचा पंप बंद केला नव्हता, की पाहुण्यांना 'बसा' म्हटलं नव्हतं. हात तिच्या शब्दावर तयार झाला होता. डोकं मध्ये आलं की बिघडायचं.

बेत ठरला. पौर्णिमेला जानकी काठावर बायकांत उभी राहून 'आता' म्हणणार. गावाला पत्ताही लागणार नाही!

पौर्णिमेच्या संध्याकाळी जटा, भस्म आणि रबरी नाग लावून शंकर होडीत उभा राहिला. आणि ढोल-ताशे सुरू झाले! काठावर जानकीचं तोंड हललेलं दिसलं, पण ऐकू काय येणार? मधुकरने अंदाजाने बाण सोडला. परंपरेला धरून, नदीत.

लोक समजूतदारपणे हसले आणि आगकाडीची वाट बघू लागले. बाबाजी मात्र इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे!

दुसरा बाण स्वागताच्या बॅनरवर. प्रमुख पाहुण्यांच्या छापील मिशा पेटल्या, पाहुण्यांनी खऱ्या मिशा चाचपल्या, आणि शेवंतीमावशीने सरबताची अख्खी बाल्दी बॅनरवर उपडी केली.

उरला एक बाण. असुर आपल्याला हसतोय असं मधुकरला वाटलं. रंगवलाच होता तसा. त्याच्या डोळ्यांपुढे दारात उभ्या राहिलेल्या आटलेल्या म्हशींची रांग आली. होडी वर... खाली... वर...

"भाविकांनी शांतता राखा—" माईकवरचा आवाज मध्येच तुटला. कुणीतरी माईक हिसकावला होता. आणि नदीच्या दोन्ही काठांवर, देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत, घुमलं—

"अहो! आताऽऽ!"

बाण सुटला आणि सरळ असुराच्या नाकात! धडाम्! फटाके, ठिणग्या, शिट्ट्या! धक्क्याने शंकर होडीतून पाण्यात बसला, पण धनुष्य वरच! आगकाडीशिवाय असुर मेला होता! गावाने मधुकरला ओल्या जटांसकट खांद्यावर घेतलं. सगळ्यांत पुढे होता बाबाजी, सदऱ्याची इस्त्री विसरून.

दुसऱ्या दिवशी बाबाजीच नारळ घेऊन घरी आला.

"मधू, मानला तुका! फुडल्या वर्षी शंकर तूच. होय म्हणतंस मां?"

"त्यात विचारायचं काय!" मधुकरने छाती फुगवली, तोंड उघडलं, आणि स्वयंपाकघरातून आवाज येईपर्यंत ते तसंच उघडं ठेवलं.