सामाईक अंगणातली पाकळी

निमोणे गावात भूमिती कोळून प्यालेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं विश्वजीतचं ठाम मत होतं. म्हणूनच दहावीच्या सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी लेक अनुपमा सरांना फोन लावायला निघाली, तेव्हा तो गरजला, "ठेव तो फोन! बाप कंपनीत सुपरवायझर हाय कशापायी?"

गणित दिसायला गरीब होतं. चौदाचा चौरस. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन पाव वर्तुळं आणि मध्ये पाकळीसारखा छायांकित भाग. त्याचं क्षेत्रफळ काढा! तासाभरात विश्वजीतची तीन उत्तरं आली, त्यातलं एक तर चौरसापेक्षा मोठं! पुस्तकामागच्या उत्तराशी एकही जुळेना. लेकीच्या नजरेतला बाप मिनिटामिनिटाला लहान होत चालला होता.

"प्रॅक्टिकल करू!"

घरामागच्या सामाईक अंगणातली मोटरसायकल बाजूला सारून त्याने चौदा फुटांचा चौरस आखला, खुंट्या ठोकल्या आणि सुतळी फिरवून चुन्याच्या फक्कीने दोन्ही कमानी ओढल्या.

भावकीच्या अंगणात खुंटी आणि फक्की! पलीकडच्या ओट्यावर चहा पीत बसलेले चुलते सावळाराम आप्पा बशी टाकून धावले.

"मोजणी आणलीस व्हय रं? आन् नोटीस न्हाई दिली?"

"आप्पा, गणित हाय! हा छायांकित भाग..."

"कुणाच्या नावावर?"

"कुणाच्याच न्हाई!"

"म्हंजी सरकारजमा?"

आप्पांच्या पत्नी कस्तुराकाकू तडक येऊन पाकळीत मांडी ठोकून बसल्या. "मी न्हाई उठायची!" हायवे इकडून वळतोय, अशी कुणीतरी बातमी सोडली. दहा मिनिटांत निम्मी आळी गोळा झाली. विश्वजीत सारखा घड्याळाकडे बघू लागला. सकाळी आठला पेपर!

"गप बसा समदी!" आप्पा कडाडले. "मोजणीत मला कुणी फसवायचं न्हाई. ह्या खुंटीवरनं तुझं मोज, त्या खुंटीवरनं माझं. दोन्हीची कर बेरीज. ती चौकोनापरीस जेवढी जास्त भरंल, तेवढी जागा दोनदा मोजली. तेवढीच भांडणाची!"

अनुपमाची पेन्सिल वहीवर पळू लागली. एक पाव वर्तुळ एकशे चोपन्न, दुसरंही एकशे चोपन्न, मिळून तीनशे आठ. वजा चौरसाचे एकशे शहाण्णव.

"एकशे बारा! जुळलं! आप्पा, तुम्ही भारीच!"

विश्वजीतचा जीव भांड्यात पडला. इतका, की आपल्याला कुणी भारी म्हटलं नाही हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"एकशे बारा न्हवं?" आप्पांनी हात पुढे केला. "मग छप्पन्न माझ्या नावावर लिहून दे."

पेपरात नेमकं तेच गणित आलं आणि अनुपमाला त्याचे पैकीच्या पैकी मार्क मिळाले. विश्वजीतची मोटरसायकल मात्र त्या दिवसापासून रस्त्यावर उभी असते.