साळिंदराचे आभारप्रदर्शन

बालमित्रांनो, माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले असेल तर पेन्सिलीने सुधारून घ्या. शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल माफ करा.

एका जंगलात भिवा नावाचा साळिंदर राहत होता. फार लाजरा. समोरून कुणी आले की तो वाट सोडून झुडपात उभा राही.

त्या जंगलाचा राजा सिंह खाडीपलीकडे राही. जंगल त्याने कधी पाहिले नव्हते, पण तिथली सावली त्याची होती. झाडाखाली बसायचे तर परवाना लागे. परवाने तपासायला त्याने तरसांची पलटण ठेवली होती.

जंगलात असंतोष पसरला. म्हणजे सभा सुरू झाल्या. दहा वर्षे, दर आठवड्याला. निषेध म्हणून सगळे उन्हात बसत. अध्यक्ष अण्णासाहेब सांबर मात्र मांडवात बसत, कारण मांडव म्हणजे झाड नव्हे. जनावरांचे रक्त तापे, शेपट्या ताठ होत. मग आभारप्रदर्शन होई आणि सगळे घरी जात. आभार झाल्याशिवाय उठायचे नाही आणि आभार झाल्यावर थांबायचे नाही, असा रिवाज होता. तरसांनाही तो फार पसंत होता.

पुढे ठराव झाला की नुसत्या ठरावांनी भागणार नाही. सांबरांनी आपली गळालेली शिंगे हत्यारे म्हणून जमवली. ठेवायची कुठे? अण्णासाहेबांकडे पाहुणे होते. उपाध्यक्ष रानडुकराकडे रंगकाम चालू होते. भिवाला कुणाला नाही म्हणता येत नसे. शिंगे त्याच्या बिळात गेली.

"आणि पोरांनी झोपायचं कुठं?" त्याची बायको येसू म्हणाली. पोरे नुकतीच झाली होती.

ही गोष्ट रानडुकराने रंगाऱ्याला खासगीत सांगितली, म्हणून तरसांना कळली. पुढच्या सभेच्या दिवशी भर दुपारी पलटण निघाली. बिळाची वाट सभेच्या माळावरूनच जात होती, आणि माळ जनावरांनी गच्च भरला होता.

जमादार तरसाने हुकूम वाचला. सर्वांनी पांगावे, पलटणीला साळिंदराचे बीळ खणायचे आहे.

रक्ताचा शेवटचा थेंब वगैरे अण्णासाहेबांचे बोलून झाले होते. पांगायला त्यांची हरकत नव्हती. कुणाचीच नव्हती. फक्त आभार तेवढे राहिले होते. दहा वर्षांत बाकी सगळ्यांची पाळी होऊन गेली होती. त्या दिवशी नेमके भिवाचे नाव होते.

भिवा उठला. आठ दिवस त्याने भाषण पाठ केले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे जिभेवर होते. त्याने माळाकडे पाहिले, मग तरसांच्या नख्यांकडे. आपण तोंड उघडले की हे सगळे घरी जातील आणि वाट मोकळी होईल. बिळात येसू होती, पोरे होती.

भिवा गप्प उभा राहिला.

"बोल रे दोन शब्द," अण्णासाहेब कुजबुजले. "सगळे खोळंबलेत."

भिवा गप्पच. लाजतोय बिचारा, असे ससे एकमेकांना म्हणाले. कुणी टाळ्या वाजवून धीर दिला, कुणी मागून वाक्ये सांगितली. घटका गेली. उठायला कुणी तयार नाही. रिवाज म्हणजे रिवाज.

शेवटी जमादार जवळ आला. "मान की बाबा आभार. आम्हालाही कामं आहेत."

"आठवत नाही, साहेब," भिवा म्हणाला. सबंध सभेत तो एवढेच बोलला.

जमादाराने त्याला लाथ घातली.

साळिंदराला लाथ घालू नये, हे जंगलात दूधपित्या पोरालाही ठाऊक असते. पण जमादार पडला खाडीपलीकडचा. पाय काट्यांनी भरला आणि तो असा केकाटला की मागच्या तरसांना वाटले हल्ला झाला. ते धावून आले. जनावरांना वाटले, आभाराआधी सभा उधळतात म्हणजे काय? सावलीसाठी दहा वर्षे नुसते तापलेले रक्त या अपमानाने उसळले. गवे धावले, माकडांनी दगड उचलले, सशांनी चावे घेतले. दिवस कलायच्या आत पलटण खाडीत होती. हत्यारांची कुणाला आठवणही झाली नाही.

संध्याकाळी विजयसभा झाली. पहिला वार आपलाच, असे सांगणारे सात जण निघाले. अण्णासाहेब राजे झाले. सावलीचे परवाने तूर्त चालू ठेवायचे ठरले. शिंगेही भिवाकडेच राहू द्यावीत, आणखी पाठवतो, आता आपल्याच लोकांत असंतोष पसरण्याची भीती आहे, असे राजेसाहेबांनी भिवाला चार हातांवरून सांगितले.

भिवा नाही म्हणाला नाही.

साळिंदरांना शिंगे कुरतडून खायला आवडतात, हे राज्यकारभाराच्या घाईत कुणाच्या ध्यानात आले नव्हते. दुसऱ्याची ठेव म्हणून भिवाने आजवर दात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पोरांना न उठवता अण्णासाहेबांचे सर्वांत मोठे शिंग ओढून घेतले, निम्मे येसूपुढे सरकवले आणि टोकापासून सुरुवात केली.

तात्पर्य : भाषण करणाऱ्याला राज्यकर्त्यांनी मुळीच भिऊ नये. आभार मानायला उठलेला गप्प राहिला, तर मात्र सामान आवरायला घ्यावे.