दाजीकाकांच्या एक्केचाळीस बाऱ्या

"माईक माझ्या हातात द्या आणि तुम्ही निर्धास्त बसा!" दीप्तीने जाहीर केलं. नववीतली दीप्ती. गेल्याच महिन्यात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आली होती, आणि तेव्हापासून आरशालाही 'नमस्कार रसिकहो' म्हणत होती!

काम होतं बँडची ओळख करून देण्याचं. बँड म्हणजे तीन माणसं. ढोलकीवर तिचे बाबा जगदीश, गायला शेजारच्या रत्नामावशी आणि पेटीवर दाजीकाका, म्हणजे तिच्या स्कूलबसचे ड्रायव्हर. शुक्रवारी इथे आखातात, मनामाच्या हॉलमध्ये गावाकडच्या गाण्यांचा पहिलावहिला कार्यक्रम!

"तर, संगीताचा वारसा सांगा," वही उघडत ती म्हणाली.

बाबा लाजले. "आमच्या वस्तीत गायन पार्टी होती. चौदा एप्रिलला हलगी माझ्याकडे असायची."

"वाजवायला?"

"शेकायला. जाळावर धरायची, कातडं ताणलं की वाजवणाऱ्याला देऊन टाकायची."

रत्नामावशी म्हणाल्या, "मी हळदीची गाणी म्हणायचे. आवाज मोठा ना, दळणाच्या गिरणीतही ऐकू जायचा!"

दाजीकाका स्टिअरिंग धरल्यासारखे ताठ बसले होते. "मी भजनात कोरसाक, गो बाय. बुवा म्हणतले, ताच आपण परत म्हणूचा. वीस वर्सां."

"आणि पेटी?"

"बुवा चायेक गेले काय हळूच भातो मारी."

एवढंच? दीप्ती वही घेऊन ईसा टाउनमधल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर गेली. वारा कोमट होता, आभाळ खजुराच्या रंगाचं झालं होतं. तिने डोळे मिटले आणि जाळ दिसला! जाळाभोवती सोन्याच्या हलग्या तरंगत होत्या. मावशींच्या आवाजाने हळद आपोआप पिवळी होत होती. आणि दाजीकाका रेशमी फेटा बांधून ढगावर पेटी वाजवत होते! पेन वहीवर सुसाट सुटलं ते सुटलंच.

शुक्रवारी हॉल खचाखच भरला. दीप्ती माईकपुढे उभी राहिली आणि तिचा आवाज अत्तरासारखा पसरला. "रसिकहो, कोकणात डबलबारी होते. दोन बुवा समोरासमोर बसतात. एक गाण्यातून सवाल टाकतो, दुसरा गाण्यातूनच जवाब देतो. आमच्या दाजीबुवांनी एक्केचाळीस बाऱ्या केल्या, आणि एकही हरले नाहीत!"

टाळ्या! दाजीकाकांचं तोंड मात्र पंक्चर झालेल्या टायरसारखं हळूहळू बसत गेलं.

तिसऱ्या रांगेत एक आडदांड माणूस उठला. हमद टाउनमध्ये सुतारकाम करणारे सुजीतबुवा. अस्सल, खरेखुरे बुवा!

"अकरा वर्सां!" त्यांचे डोळे भरून आले होते. "अकरा वर्सां ह्या वाळवंटात समोर बसाक बुवा गावना नाय! दाजीबुवा, यल्ला! होऊन जाऊ दे बारी!"

ते थेट स्टेजवर चढले. कुणीतरी त्यांच्यापुढे दुसरी पेटीही आणून ठेवली.

"गो बाय," दाजीकाका कुजबुजले, "ह्यां काय बोललंस? माका जवाब खंय येता? आता लोकांका तोंड कसा दाखवू?"

रोज सकाळी दीप्तीसाठी दोन मिनिटं बस थांबवणारा माणूस, तिच्यामुळे चारशे लोकांसमोर उघडा पडणार होता!

सुजीतबुवांनी सूर लावला. "सांगा बुवा, सेतू बांधता, पहिला धोंडा कोणी टाकिला?"

दाजीकाकांनी डोळे मिटले, आणि वीस वर्षांची सवय त्यांच्या गळ्यातून बाहेर पडली. "पहिला धोंडा कोणी टाकिलाऽऽ!"

बाबांनी ढोलकीवर थाप मारली. रत्नामावशींनी गिरणीचा आवाज लावला. "कोणी टाकिलाऽऽ!"

बुवांनी तोच सवाल वरच्या पट्टीत टाकला. तिघांनी तो तस्साच परत दिला! पुन्हा सवाल, पुन्हा तोच सवाल! हॉल लाटेसारखा डोलू लागला. दिवे मऊ झाले, भिंती विरघळल्या, मनामाचा समुद्र जणू खुर्च्यांखालून वाहू लागला. वीस मिनिटं झाली तरी धोंडा कोणी टाकला ते कुणालाच कळलं नव्हतं!

दीप्तीला राहवेना. आता बुवा जवाब मागणार आणि दाजीकाकांची अब्रू जाणार! ती माईक घेऊन मध्ये घुसली.

"थांबा! मी खोटं बोलले! दाजीकाका बुवा नाहीत, ते फक्त कोरसमध्ये होते! चूक माझी आहे, त्यांना काही बोलू नका!"

पेट्या थांबल्या. ढोलकी थांबली. चारशे माणसं तिच्याकडे बघू लागली.

सुजीतबुवांनी हळूच डोळे उघडले, गाढ झोपेतून उठवलेल्या बाळासारखे.

"पोरी, ता माका पयल्या ओळीकच कळला! जवाब देणारे बुवा छप्पन मिळतत. असो कोरस खंय गावता? अकरा वर्सांनी लय लागली होती, ती तोडलंस मां? खलास! बस खाली!"

दाजीकाका पहिल्यांदाच हसले. बाबांनी तिच्या हातातला माईक काढून घेतला आणि दाजीकाकांपुढे लावला.

"सॉरी, बुवा," दीप्ती म्हणाली. पण माईक नव्हता, त्यामुळे ते कुणालाच ऐकू गेलं नाही!