चारही चाकं कामाला

दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमधून खानविलकर काकांची गाडी बाहेर पडते तेव्हा ती वळत नाही, लंगडी घालते. वळणावर टायर कर्र कर्र ओरडतात, पुढचं तोंड अडतं, मागचा भाग ढकलतो आणि दावं ओढल्यावर हट्टी बैल निघावा तशी ती अख्खी गाडी धक्के देत रॅम्पला लागते. माझी मुलगी ईरा पुस्तकातून डोकं वर न काढता सांगते, "बाबा, अंकल्स कार इज हॉपिंग अगेन."

गाडीत बिघाड काही नव्हता. असलाच तर काकांच्या तत्त्वज्ञानात होता.

गाडी जुनी, पांढरी, जपानी, फोर व्हील ड्राइव्ह. गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा. एरवी फक्त मागची चाकं गाडी ढकलतात. हा दांडा ओढला की पुढचीही जोर लावू लागतात आणि समोर एक हिरवा दिवा लागतो. ही सोय वाळूसाठी आणि चिखलासाठी. इथले लोक सुट्टीच्या दिवशी वाळवंटात शिरताना दांडा ओढतात. काका तो भाजी आणायला जाताना ओढतात. कोरडा ठणठणीत डांबरी रस्ता, वर अंडं तळून निघेल असं ऊन, महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नाही, आणि काकांची चारही चाकं पूर्ण ताकदीनिशी मेथीच्या जुडीच्या मोहिमेवर.

"दोन चाकं कमावणार आणि दोन नुसती गरगरत सोबत येणार, हे आपल्या गाडीत चालणार नाही," काका म्हणतात. "ऑफिसात अशी माणसं कमी आहेत का, की गाडीतही पोसायची? चारही चाकं कामाला. खलास."

काका एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइट सांभाळतात. उभं आयुष्य लोकांना कामाला लावण्यात गेल्यामुळे कुठलीही वस्तू रिकामी बसलेली त्यांना बघवत नाही. त्यांचा आवडता शब्द म्हणजे 'पकड'. चपला घेताना तळवा उलटा करून पकड बघणार. कपाच्या कानात बोट घालून पकड बघणार. स्वतःच्या जावयाबद्दल त्यांचं मत असं, की मुलगा सोन्यासारखा आहे, शिकलेला आहे, आपल्या मुलीला सुखात ठेवतो, "पण पकड नाही." जावई इलेक्ट्रिक गाडी चालवतो, एवढाच त्याचा गुन्हा.

पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसलो तो मराठी मंडळाच्या मीटिंगला अल बर्शाला जायला. यू टर्न घेताना गाडीनं असा काही हिसका दिला की माझा चष्मा नाकावरून हनुवटीवर आला.

"काका, गाडी अडखळतेय."

"अडखळत नाही रे. पकड घेतेय."

मी व्हॉल्व्हच्या कंपनीत नोकरी करतो, पण डिग्री मेकॅनिकलची. मला राहवेना. पुढच्या रविवारी काका-काकू आमच्याकडे पोहे खायला आले तेव्हा मी बशीभोवती दोन चमचे फिरवून त्यांना समजावलं. वळताना पुढची चाकं मोठी फेरी घेतात, मागची लहान. वाळूत चाक जरासं घसरतं आणि तो फरक जुळवून घेतं. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही. मग सगळा ताण आत गिअरमध्ये साठत जातो. टायर झिजतात आणि एक दिवस आतलं काहीतरी तुटतं.

काकांनी लिंबू पिळत मन लावून ऐकलं. "म्हणजे दोघं एकाच दाव्याला बांधलेत आणि चाली वेगळ्या."

"बरोबर."

"आणि कोणीच माघार घेत नाही."

"तेच तर."

"मग आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, गिअरबॉक्स कुठे फुटला?"

सुलभाकाकू शेव वाढून घेत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "फुटेल कसा? घसरायचं काम मी करते ना."

माझी बायको अनघा स्वयंपाकघरात जाऊन हसून आली. काकांनी आणखी पोहे मागितले आणि विषय खलास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बाल्कनीतून बघितलं. गाडी लंगडी घालतच बाहेर पडली.

गंमत म्हणजे ती गाडी वाळूत कधी गेलीच नाही. हिवाळ्यात आम्ही पाच-सहा कुटुंबं मिळून वाळवंटात जेवायला गेलो होतो. सगळ्यांनी टायरची हवा कमी केली, दांडे ओढले आणि 'यल्ला', म्हणजे चला, म्हणत आत शिरले. काकांनी गाडी डांबराच्या काठावर उभी केली.

"चला ना काका. तुमची तर कायमच तयारीत असते."

"वाळूत कशाला पकड? वाळू मऊ असते. पडलं तरी लागत नाही."

मग पुलावाचं अवजड पातेलं आम्ही दोन बाजूंनी धरून वाळूतून वाहून नेलं. काका मागून खुर्च्या घेऊन येत होते आणि पावलापावलाला आम्हाला सूचना करत होते, की टाच आधी टेका. काकू त्यांचा दंड धरून चालत होत्या. पुलाव पोचेपर्यंत निम्मा गार झाला, पण त्या दिवशी इतकं हसलो की कोणाची तक्रार नव्हती.

मी सांगितलेला तो एक दिवस यंदा आला आणि नेमका नको तेव्हा आला. काकांची मुलगी केतकी अबू धाबीला अल रीम आयलंडवर राहते. तिला सातवा लागला होता, डोहाळजेवण शनिवारी होतं. काकूंच्या घरातून आठवडाभर तुपाचा वास येत होता. आणि मधल्याच एका सकाळी बेसमेंटच्या वळणावर नारळ आपटून फोडावा तसा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी पळत खाली गेलो. काका बॉनेटवर हात ठेवून उभे होते, आजारी म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"मी सांगितलं होतं" हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"शनिवारी आमच्या गाडीतून जाऊ," मी म्हटलं. "प्रश्नच नाही."

पण प्रश्न होता. संध्याकाळी अनघा करंज्या भरू लागायला गेली, तर काकू म्हणाल्या, "तुम्ही सगळे जा. फोटो पाठवा. माझं डोकं दुखतंय." शनिवारचं डोकं आदल्या बुधवारीच कसं दुखायला लागलं, ते अनघाला कळेना. बसनं, टॅक्सीनं, आमच्या गाडीनं, प्रत्येक गोष्टीला काकूंचं उत्तर एकच, डोकं. केतकीनं फोन केला, रागावली, मग रडली. काकूही रडल्या. पण येते म्हणाल्या नाहीत.

गाडी टो करून अल कूझच्या गॅरेजला नेली होती, शुक्रवारी मी काकांबरोबर टॅक्सीनं तिथे गेलो. गॅरेजवाले खानसाहेब ग्रीसचे हात पुसत म्हणाले, "साहब, अंदर का चेन टूट गया. अभी पीछे के पहिये पे चलेगा. आगे वाला छुट्टी पे." नवीन भाग यायला वेळ लागणार होता. तोवर दांडा ओढला तरी काही होणार नव्हतं.

"और वो हरा बत्ती?" काकांनी विचारलं.

"वो भी नहीं जलेगा." खानसाहेबांनी काकांकडे जरा निरखून पाहिलं. जुनं गिऱ्हाईक होतं. "चाहिए तो वायर जोड के जला देगा साहब. मेमसाब को क्या पता चलेगा."

काकांनी त्या काळ्या दिव्यावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, "नहीं. रहने दो."

मला काहीच उलगडेना. परत येताना मी स्टिअरिंगवरच्या त्यांच्या हाताकडे बघून विचारलं, "काकूंना काय कळणार नाही?"

काकांनी गाडी उजव्या, हळू चालणाऱ्यांच्या लेनमध्ये घेतली आणि सावकाश सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे छोटी गाडी होती. हिवाळ्यात एका दुपारी अचानक पाऊस आला, पुलाखाली पाणी साठलं आणि गाडी घसरून गर्रकन उलटी फिरली. समोरून ट्रक येत होता, तो कसाबसा बाजूनं गेला. दोघांनाही ओरखडा आला नाही. पण त्या दिवसापासून काकू गाडीत बसेनात. बाजारात नाहीत, देवळात नाहीत, मुलीकडेही नाहीत.

"मग ही गाडी घेतली. तिला सांगितलं, ही चारही पायांनी जमीन धरते, घसरायची नाही. तिला तो हिरवा दिवा दाखवला. तेव्हा बसली. गाडी सुरू केली की विचारायची, लावलं का? मी म्हणायचो, लावलं. मग हात मांडीवर ठेवायची."

"पण तुम्ही एकटे असतानाही लावता."

"घरी आल्यावर विचारते ना, लावलं होतं का. तिच्याशी खोटं कशाला बोलायचं?" ते थोडं हसले. "तू चमचे फिरवून शिकवलंस ते मला ठाऊक होतं रे. जन्म गेला डंपर आणि लोडर वापरून घेण्यात. गाडी काय, दुरुस्त होते."

मला त्यांच्याबरोबर वर जायचं नव्हतं, पण काकूंसाठी वाटेत घेतलेले करंज्यांचे रिकामे डबे माझ्या हातात होते. दार काकूंनी उघडलं.

काका चपला न काढताच म्हणाले, "सुलभा, गाडी आली. पण आता पुढची चाकं नुसती सोबत येणार. दिवाही लागणार नाही."

काकू दारातल्या स्टुलावर बसल्या. "म्हणजे घसरेल."

"कोरड्या रस्त्यावर घसरत नाही. आधीही घसरली नसती."

"मग इतकी वर्षं कशाला लावत होता?"

"तू विचारायचीस म्हणून."

काकू पदराच्या टोकाला गाठ मारत बसल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या चतुर्थ्या वाचू लागलो. गाठ मारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाडीचं नुकसान होत असेल ना हो?"

"झालं ना," काका म्हणाले.

काकूंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आत गेल्या आणि आतूनच विचारलं, "करंज्यांचा डबा मागे ठेवायचा की पायाशी? पायाशी ठेवला तर मला काहीतरी धरायला राहील."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. काका-काकू पुढे, मी आणि अनघा मागे. ईराला परीक्षेचा अभ्यास होता. "से हाय टु द बेबी," एवढा निरोप तिनं दिला. काकूंनी एका हातानं खिडकीवरची मूठ धरली होती आणि दोन्ही पायांत करंज्यांचा डबा. अबू धाबीचा रस्ता सरळ, रुंद, कोरडा. त्यावर काका उजव्या लेनमधून ऐंशीनं. ट्रकसुद्धा आम्हाला ओलांडून जात होते आणि जाताना आत कोण आहे ते वाकून बघत होते. काका अखंड बोलत होते. "आता पूल आहे. चढतोय. उतरतोय. झाला पूल." एखाद्या लहान मुलाला इंजेक्शन देताना बोलावं तसं. वाटेत काकूंचा चेहरा पांढरा पडला की पेट्रोल पंपावर थांबायचं, चहा घ्यायचा, पुन्हा निघायचं. एका पंपावर काकू म्हणाल्या, "इतक्या हळू नका जाऊ. लोक हसतायत." काका लगेच नव्वदवर आले.

केतकी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून लिफ्टपाशीच उभी होती. आईला बघून ती पुढे आली. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली, आणि मधल्या पोटामुळे दोघींना नीट मिठी मारता येईना म्हणून दोघी हसायला लागल्या. मग ओटी झाली, गाणी झाली, वाटीखाली पेढा निघाला. जावयानं काकांना बाजूला नेऊन आपल्या गाडीतलं काहीतरी दाखवलं. काका येऊन मला हळूच म्हणाले, "चारही चाकांना मोटर आहे म्हणे. मुलगा चांगला आहे." काकूंनी सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवल्या आणि निघताना कितीतरी दिवसांनी मोठ्यानं गाणं म्हणून दाखवलं.

परतताना ऊन कलंडलं होतं. काका पुलांची वर्णनं करत होते. मग एका पुलावर ते बोलायचे थांबले. मी पुढे वाकून बघितलं. काकूंचा हात मुठीवरून खाली आला होता, मान काकांच्या बाजूला कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. त्या गाढ झोपल्या होत्या.

काकांनी एसीची हवा त्यांच्या तोंडावरून वळवली. दुबई आली, मनखूल आलं, आमची बिल्डिंग आली आणि मागे गेली.

"काका, आपलं..." मी म्हणालो.

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघत बोट ओठांवर ठेवलं. "त्या पावसानंतर गाडीत पहिल्यांदा झोपलीय," ते कुजबुजले. "थांबलो की जागी होईल. एक फेरी मारू या?"

एक फेरी झाली. कोपऱ्यावरचा भाजीवाला, शाळा, मशीद, पुन्हा आमची बिल्डिंग. काकांनी आरशातून पाहिलं आणि न विचारताच गाडी पुन्हा भाजीवाल्याच्या कोपऱ्याकडे वळवली. ईराचा मेसेज आला, व्हेअर आर यू गाइज. अनघानं तो वाचला, फोन पर्समध्ये टाकला, चपला काढल्या आणि पाय वर घेऊन आरामात बसली.