समोरच्या घरातल्या दोन बॅगा

दिलेलं आमंत्रण परत आणून देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वॉल्टर. अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात आमच्या समोर राहतो. मुलाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. भटजींची तारीख मिळेपर्यंत चार महिने रखडलेली. मी कार्ड देऊन आले, तर दुसऱ्या दिवशी हा कोट घालून दारात, हातात तेच कार्ड.

"माताजी, इसमें डॅनियल का नाम नहीं है."

साठीचा बाप्या मला माताजी म्हणतो. हिंदी माझ्यापेक्षा शुद्ध. माझा संशय तिथूनच सुरू झाला होता. अमेरिकन माणसाला इतकं हिंदी कशाला लागतं? मुलगा महेश म्हणाला, तो राजदूत होता, तरुणपणी दिल्लीत होता, मागच्या वर्षी नोकरी सोडली. राजदूताची नोकरी आपणहून कोण सोडतं? आमच्या गावचा तलाठीसुद्धा सोडत नाही. मी ठरवून टाकलं, हेर आहे.

घरात तो आणि डॅनियल, दोघंच. सून रूपाली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, ते दोघं कपल आहेत. अगदी उघडपणे."

मी म्हटलं, "उघडपणे आहेत, तर तू हळू का बोलतेस?"

ते मला कळलं. दोघांनी संसार करायचा तर करावा, भांडी तर घासतात. मला कळत नव्हतं ते बॅगांचं. दिवसभर मी घरात एकटी, म्हणून खिडकीच्या पडद्याची पट्टी बाजूला करून बघायची. दर रविवारी वॉल्टर गॅरेजमध्ये दोन बॅगा उघडायचा. मोजे, औषधं, कागद काढायचा, बघायचा, परत भरायचा आणि दाराशी नेऊन ठेवायचा. दोघं जात मात्र कुठेच नव्हते. बॅग भरून दाराशी ठेवणारा माणूस पळायच्या बेतात असतो, एवढं मला चौथीपर्यंतच्या शिक्षणावर समजतं.

शिवाय त्याचं एक पालुपद. मराठी मंडळाची पिकनिक असो की कोणाचा वाढदिवस, हा आधी विचारणार, "लिस्ट में कौन-कौन है?" एकदा मी चहाला बोलावलं, तेव्हाही तेच. चहाला कसली लिस्ट? आधण ठेवायचं, येतील तेवढे कप.

तर ते कार्ड. मी त्याला दाखवलं, हे बघ, खाली सहकुटुंब छापलंय, त्यात घरचे सगळे आले. त्याने मान हलवली.

"कुटुंब में कौन आता है, यह दूसरे लोग तय करते हैं, माताजी."

कार्ड चपलांच्या कपाटावर ठेवून, वाकून नमस्कार करून गेला. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी कार्ड उचललं आणि थेट त्याच्या दारात. डॅनियलने दार उघडलं. जाडा, हसरा, हाताला पीठ. पायाशी त्या दोन बॅगा.

मी वॉल्टरला विचारलं, "ये बॅगा काहे को? किधर भागना है?"

त्याने उभ्याउभ्या सांगितलं. नोकरीतल्या शेवटच्या देशात दंगली पेटल्या. वकिलातीतल्या लोकांच्या कुटुंबांना न्यायला सरकारी विमान आलं. यादीत बायका, मुलं. एकाच्या कुत्र्याचेसुद्धा कागद तयार. डॅनियल नियमाने कुटुंबात बसत नव्हता. यादीवर सही राजदूताची लागते.

"सही मैंने की," तो म्हणाला.

डॅनियल एका ट्रकमधून सरहद्दीकडे निघाला. चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला आणि वॉल्टरने राजीनामा लिहिला.

डॅनियलला हिंदी येत नाही, पण वॉल्टरच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं असावं. तो स्वयंपाकघरात निघून गेला.

मी म्हटलं, अरे, तो आता घरात आहे, पोळ्यांसारखं काहीतरी लाटतोय. मग बॅग कशाला?

त्याने खाली वाकून एका बॅगेवरची नावाची चिठ्ठी सरळ केली.

मला रडू वगैरे आलं नाही. मला येत नाही. घरी आले, नातीचं निळं स्केचपेन घेतलं आणि सहकुटुंबच्या वर मोठ्या अक्षरात आधी डॅनियल लिहिलं, खाली वॉल्टर. ते कार्ड परत नेऊन दिलं.

छापलेलं तो वाचतो, पण माझं चौथीचं अक्षर त्याला लागेना. त्याने विचारलं, यातलं डॅनियलचं कुठलं? मी दाखवलं. त्याने त्या नावावर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

मी म्हटलं, "बोट काढ. कार्ड गुळगुळीत आहे, शाई ओली आहे, नाव पुसलं जाईल."

विस्तवाला लागावं तसं त्याने बोट उचललं आणि कार्डावर हळूहळू फुंकर घालायला लागला.